उघड्यावरची मेणबत्ती: बाल्कनी, गच्ची आणि अंगणासाठी पहिले धडे

मेणबत्ती विकत घ्यायच्या आधी घरातली उदबत्ती घ्या. संध्याकाळी ज्या वेळी तुम्ही बाहेर बसणार आहात त्याच वेळी, जिथे मेणबत्ती ठेवायचा विचार आहे नेमक्या त्याच जागी ती धरा आणि दोन-तीन मिनिटं धूर बघत राहा. धूर वीतभर सरळ वर जाऊन मग पांगत असेल, तर तिथे उघडी मेणबत्तीसुद्धा तेवेल. टोकापासूनच आडवा होऊन एका बाजूला पळत असेल, तर काच लागेल. आणि घडीत इकडे, घडीत तिकडे असा गरगरत असेल, तर ती जागा सोडून द्या, तिथे काचही पुरणार नाही. दोन हात बाजूला सरका, खाली बसा, पुन्हा बघा. एकाच बाल्कनीत दोन कोपऱ्यांत दोन वेगळे वारे असतात, हे मला उदबत्तीनेच शिकवलं.

हे आधी सांगायचं कारण असं की बाहेरच्या मेणबत्तीबद्दल नवख्या माणसाचं सगळं लक्ष रंग, वास आणि आकाराकडे जातं. आणून लावली की पाच मिनिटांत विझते, पुन्हा पेटवली की एका अंगाने वितळून मेण फरशीवर, आणि तिसऱ्या दिवशी ती कपाटात जाऊन पडते. दोष मेणबत्तीचा नसतो, जागेचा असतो.

वारा नेमकं काय करतो

मेणबत्तीत घट्ट मेण जळत नाही. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळतं, वात ते वर ओढून घेते, टोकाशी त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. म्हणजे वातीभोवती पातळ मेणाचं एक छोटंसं तळं कायम भरलेलं लागतं आणि त्याचा काठ चहूबाजूंनी शाबूत लागतो. वाऱ्याने ज्योत एका बाजूला झुकली की त्या बाजूचा काठ वितळतो, तळं फुटतं, मेण ओघळून जातं. वातीला मेण कमी पडतं, ज्योत फडफडते, जळण अर्धवट होतं आणि न जळलेला कार्बन काजळी होऊन भिंतीवर बसतो. तासन्तास चालायची मेणबत्ती बाहेर भराभर संपते ती यामुळे.

पण ज्योतीला वारा नको असला तरी हवा हवीच. मेणबत्ती सगळीकडून झाकली की ती गुदमरते. बाजूने आडोसा, वरून मोकळं, खालून थोडी फट, एवढं साधलं की निम्मं काम झालं. कंदील याच हिशोबावर चालतो. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील एके काळी खेडोपाडी हातात असायचा. तो वाऱ्यात टिकायचा कारण त्याची काच ज्योतीला बाजूने सांभाळायची आणि खालून-वरून श्वासही घेऊ द्यायची.

जुन्या घरांनाही हे ठाऊक होतं. दाराशेजारच्या भिंतीतली देवळी किंवा तुळशी वृंदावनाच्या पायाशी असलेला कोनाडा आठवा. तीन बाजू बंद, एक उघडी. अंगणात वारा असला तरी आतली पणती शांत.

जागा: खाली, आत, भिंतीला धरून

मुंबईत आणि कोकण किनाऱ्यावर दुपारपासून समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री उशिरा जमिनीकडून मतलई सुरू होतात, आणि या दोहोंच्या मध्ये हवा काही काळ स्तब्ध होते. तुमच्याकडे ती वेळ कोणती, हे आठवडाभर लक्ष ठेवलंत तर कळेल. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी पश्चिमेचा चांगला जोरदार वारा सुटतो, तेव्हा उघड्या ज्योतीचा नाद सोडावा. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीपासून थंडी सरेपर्यंत, बहुतेक ठिकाणी हवा शांत असते. नवशिक्यांनी सुरुवात तेव्हाच करावी.

इमारतीत मजला जितका वरचा तितका वारा जास्त, आणि इमारतीच्या कोपऱ्यावरच्या बाल्कनीत तो वळसे घेत येतो. पण कुठल्याही मजल्यावर एक उपाय लागू पडतो: मेणबत्ती खाली ठेवा. कठडा भरीव असेल तर त्याच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत वारा बराच कमी असतो. लोक मात्र ती कठड्यावरच ठेवतात, कारण तिथे ती छान दिसते. वारा तिथे सगळ्यात जास्त, शिवाय धक्का लागला तर पेटती मेणबत्ती किंवा काच खाली जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर. कठड्यावर काहीही पेटतं ठेवायचं नाही, यात तडजोड नको.

आता तीच जागा वर मान करून बघा. आपल्याकडच्या बाल्कन्यांत पेटू शकणाऱ्या वस्तू इतक्या असतात की त्या दिसेनाशा होतात: कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी, झाडांवरचं हिरवं शेडनेट, बांबूची चिक, जमिनीवरचं प्लास्टिकचं गवत, दोरीवरचे कपडे, वाळलेल्या पानांच्या कुंड्या, कोपऱ्यात उभा केलेला गॅसचा भरलेला सिलिंडर. माझ्या बाल्कनीत मी पहिल्यांदा मेणबत्ती लावली ती जाळीपासून वीतभर अंतरावर. ज्योत जाळीला टेकलीही नव्हती, नुसत्या वाऱ्याने तिकडे कलत होती. थोड्या वेळाने वास आला म्हणून बघितलं तर जाळीचे चार-पाच धागे वितळून त्यांचे गोळे झाले होते आणि एक थेंब खालच्या पायपुसण्यावर पडला होता. त्या दिवसापासून माझा नियम असा: ज्योतीच्या वर किमान एक मीटर काही लोंबकळत नको, बाजूला किमान फूटभर मोकळं, आणि जाळीच्या बाबतीत ते फूटभरही पुरेसं नाही, दोन हात तरी हवं. प्लास्टिकचं गवत असेल तर तेवढा तुकडा गुंडाळून बाजूला करा आणि खाली शहाबादी फरशीचा तुकडा किंवा स्टीलचं मोठं ताट ठेवा. सिलिंडर असेल त्या बाल्कनीत ज्योत नकोच.

इमारतीचा जिना आणि सामाईक पॅसेज हे बाहेर बसण्याचे भाग नाहीत. दिवाळीत तिथे हौसेने मेणबत्त्यांच्या रांगा लागतात, पण आग लागली तर सगळ्यांना तिथूनच पळायचं असतं.

आडोसा

सगळ्यात सोयीची म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडी असलेली काचेची नळी. जुन्या भांड्यांच्या दुकानात कंदिलाची काच मिळाली तर उत्तम, नाहीतर हल्ली मेणबत्तीसाठी सरळ उभ्या काचा मिळतात. काच घेताना दोन मापं बघा. तिची उंची ज्योतीच्या टोकापेक्षा तीन-चार इंच जास्त हवी, आणि मेणबत्ती व काच यांच्यात चारही बाजूंनी साधारण इंचभर जागा हवी. ती जागा कमी असेल तर काच एका बाजूने तापते आणि तडकते.

काच सपाट ताटात ठेवली की तळ बंद होतो. तिच्याखाली सारख्या उंचीचे तीन चपटे खडे ठेवा, फट पाव इंचाची पुरे. ज्योत लगेच स्थिर आणि उंच होते. ताटात आधी बोटभर रेती पसरून मेणबत्ती तिच्यात रोवली तर ती कलंडत नाही आणि ओघळलेलं मेण रेतीतच राहतं. आपल्यातल्या अनेकांना लाइट गेल्यावर बुडाशी मेणाचे चार थेंब टाकून मेणबत्ती चिकटवायची सवय आहे. बाहेर ती सवय उपयोगाची नाही. तापलेल्या फरशीवर मेणाची पकड सुटते आणि मेणबत्ती आडवी होते. वसईत आणि गोव्यात २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, उघड्या दफनभूमीत कबरींवर मेणबत्त्या लावतात. उघड्या हवेत शेकडो ज्योती कशा सांभाळल्या जातात हे ज्याने लक्षपूर्वक पाहिलंय, त्याला आडोसा आणि पक्कं बूड यांचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

काच नको असेल तर छिद्रांचं मडकं. नवरात्रात गरब्यासाठी जे मिळतं तेच. वारा छिद्रांतून तुकड्या-तुकड्याने येतो, त्याचा जोर मोडतो आणि भिंतीवर प्रकाशाचे ठिपके पडतात. कुंभाराकडे तळाजवळ दोन-तीन जास्तीची भोकं पाडून मागा आणि आत फक्त टी-लाइट, म्हणजे धातूच्या छोट्या वाटीतली बुटकी मेणबत्ती, ठेवा.

लोणच्याची काचेची बरणी चालते, पण रुंद तोंडाची आणि फार खोल नसलेली. नारळाची करवंटी दिसते सुंदर, पण ती बंबात काय जोमाने पेटते ते कोकणातल्या कुणालाही विचारा. तिच्यात ज्योत ठेवू नका. कागदी आकाशकंदिलात तर अजिबात नाही, तिथे विजेचा छोटा एलईडी दिवाच बरा.

कोणती मेणबत्ती

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक मेणबत्त्या पॅराफिनच्या असतात. पॅराफिन प्रकारानुसार साधारण ४६ ते ६८ अंश सेल्सिअसला वितळतं, मधमाशांचं मेण ६२ ते ६४ च्या आसपास, आणि सोयाबीनच्या तेलाचं मेण यांच्या मानाने बरंच मऊ. विदर्भात मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते, गच्चीची फरशी त्याहून कितीतरी तापते. तिथे दुपारी विसरलेली मेणबत्ती संध्याकाळी वाकलेली सापडणार. म्हणून उन्हाळ्यात बाहेर लावायची असेल तर कडक मेणाची घ्या (स्टिअरिक आम्ल घातलेली कडक असते) आणि लावायच्या वेळीच बाहेर आणा.

आकारांपैकी बाहेर दोनच कामाचे. एक म्हणजे अॅल्युमिनियमच्या वाटीतला टी-लाइट: तीन-चार तास चालतो, मेण वाटीतच राहतं, पडला तरी नुकसान थोडं. सुरुवात यानेच करा. दुसरी, तीन इंच जाडीची पिलर मेणबत्ती. तिचा काठ जाड असल्याने वाऱ्याची एखादी झुळूक ती सोसते. उंच, सडपातळ मेणबत्त्या जेवणाच्या टेबलासाठी आहेत, आतल्या. भारी सुगंधी मेणबत्तीवर बाहेर पैसे घालवू नका. उघड्यावर तो वास तुमच्यापर्यंत पोचतच नाही. त्याऐवजी खुर्चीजवळ रातराणीची एक कुंडी ठेवा.

हाताने केलेल्या मेणबत्त्या हव्या असतील तर महाबळेश्वरला भावेश भाटिया यांनी दृष्टिहीन कारागिरांना सोबत घेऊन उभ्या केलेल्या सनराइज कँडल्सच्या मेणबत्त्या जरूर बघा.

डासांबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण सिट्रोनेलाच्या मेणबत्त्या त्याच आशेवर विकल्या जातात. सिट्रोनेला हे आपल्या गवती चहाच्या जवळच्या भाईबंदाचं तेल. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासांवर अशा मेणबत्तीचा परिणाम दिसला नाही. वास आवडत असेल तर लावा, पण तिच्या भरवशावर लहान मुलांना उघड्या हातापायांनी बसवू नका. डास उडण्यात दुबळे असतात, त्यामुळे साध्या पंख्याचा उपयोग जास्त. पंखा खाली, खुर्च्यांच्या मागे ठेवा आणि मेणबत्त्या त्याच्या झोताच्या बाहेर. जागा उदबत्तीने पुन्हा तपासा.

पहिल्यांदा लावताना

वात पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटर ठेवून कापा. नखं कापायचं नेलकटर त्याला छान चालतं. लांब वात म्हणजे मोठी ज्योत, जास्त काजळी, जास्त तापलेली काच. त्यानंतरही दर वेळी लावण्याआधी एवढीच ठेवायची आणि जळलेला तुकडा मेणात पडू द्यायचा नाही.

पिलर मेणबत्तीला पहिल्या दिवशी पुरेसा वेळ द्या. वितळलेलं मेण काठाच्या जवळपास पोचलं पाहिजे. जाडीच्या दर इंचाला सुमारे एक तास असा अंदाज धरा. म्हणजे तीन इंचीला तीन तास. घाईने अर्ध्या तासात शांत केली तर मधे खड्डा पडतो आणि पुढे ती कायम त्या खड्ड्यातच जळते. एका बैठकीला चार तासांपेक्षा जास्त चालवू नका. पिलर दोन इंचांवर आली किंवा काचेच्या भांड्यातल्या मेणबत्तीत अर्धा इंच मेण राहिलं की तिचं काम झालं.

दोन ज्योतींत तीन इंच तरी अंतर ठेवा. टी-लाइट एकमेकांना चिकटवून ठेवले तर एकमेकांना तापवतात आणि सगळं मेण एकदम भडकू शकतं. दहा बाय चारच्या बाल्कनीला तीन मेणबत्त्या पुरतात, त्याही डोळ्यांच्या पातळीच्या खाली. डोळ्यांसमोर ज्योत असली की समोरचा माणूस दिसत नाही, खाली असली की चेहरे उजळतात.

घंगाळ

मला बाहेरसाठी सगळ्यात आवडणारी मांडणी ही, आणि नवशिक्यांसाठी ती सगळ्यात निर्धोकही आहे. घरात तांब्या-पितळेचं जुनं घंगाळ असेल तर काढा, नसेल तर रुंद तोंडाचं कुठलंही धातूचं भांडं. त्यात पाणी काठापासून चार बोटं खाली राहील इतकंच भरा. लोक काठोकाठ भरतात आणि मग ज्योती वाऱ्याला उघड्या पडतात. पाणी खाली असलं की घंगाळाचा काठच आडोसा होतो. तरंगत्या मेणबत्त्या किंवा टी-लाइट तीन-चारच सोडा. वारा त्यांना ढकलत एका कडेला गोळा करतो, म्हणून मधे झेंडूची दोन-तीन अख्खी फुलं तरंगत ठेवा, म्हणजे दिवे एकमेकांना भिडत नाहीत. फुलं ताजी आणि ओली हवीत. कलंडलेला टी-लाइट पाण्यात विझतो.

घंगाळ जमिनीवर ठेवायचं तर येण्याजाण्याच्या वाटेतून बाजूला. साडीचा पदर, ओढणी, घेरदार कुर्ता, रांगतं मूल आणि मांजर या सगळ्यांचा विचार करून. बैठक जमली की एका माणसाने ‘ज्योतींकडे मी बघतो’ असं ठरवून घ्यावं. सगळ्यांनी लक्ष ठेवायचं म्हटलं की कुणीच ठेवत नाही. तो माणूस आत गेला तर ज्योतीही शांत करायच्या.

शांत करताना, आणि काही बिघडलं तर

फुंकर मारू नका. बाहेर वाऱ्याच्या झोतात पातळ मेण उडून हातावर, चेहऱ्यावर येतं. स्टीलची छोटी वाटी उलटी धरून ज्योत झाका, किंवा वाकवलेल्या तारेने वात क्षणभर वितळलेल्या मेणात बुडवून पुन्हा सरळ करा. दुसऱ्या पद्धतीत धूर होत नाही आणि वातीला मेण लागल्याने पुढच्या वेळी ती पटकन पेटते.

मेणानेच पेट घेतला तर पाणी कधीही टाकू नका. पाण्याची क्षणात वाफ होते, ती पेटतं मेण चहूकडे उडवते आणि आगीचा लोळ उठतो. झाकण घाला किंवा रेती टाका. म्हणून शेजारी रेतीचा एक डबा आणि मोठं स्टीलचं झाकण आधीच ठेवायचं. जाळी, पडदा असं काही पेटलं आणि पहिल्या काही क्षणांत आटोक्यात आलं नाही, तर सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ लावा.

अंगावरच्या कपड्याने पेट घेतला तर पळू नका, चेहरा झाकून जमिनीवर लोळा. भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको. त्वचेवर मेण सांडलं असेल तर आधी पाण्याने थंड करा आणि ते सहज निघत असेल तरच काढा. चेहरा, हाताचा पंजा किंवा मोठा भाग भाजला असेल तर दवाखान्यात न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८.

पाऊस, आणि परदेशातली बाल्कनी

पहिल्या पावसानंतरच्या एक-दोन संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे उजेडाकडे झुंडीने येतात. त्या दिवशी सगळं बंद ठेवा. मेणात पडलेले किडे आणि पंख दुसऱ्या वातीसारखे पेटतात. पावसाळ्यात वात ओली राहिली की तडतडते, कोरड्या कापडाने टिपून मगच लावा. तापलेल्या काचेवर पावसाचे थेंब पडले की ती तडकू शकते. सर येतेय असं वाटलं तर काच उचलायला धावू नका, ज्योत शांत करा आणि काच निवेपर्यंत थांबा.

परदेशात राहत असाल तर दिवाळीच्या पणत्यांसह सगळ्याच ज्योतींसाठी आधी भाडेकरार वाचा. अमेरिकेतल्या बऱ्याच अपार्टमेंटमध्ये बाल्कनीत उघडी ज्योत लावायला मनाई असते. घरामागचा डेक लाकडी असेल तर मांडणी डेकवर नको, अंगणात फरशीवर किंवा मातीत करा, आणि कोरड्या ऋतूत आगीचा इशारा लागू असेल त्या दिवसांत करूच नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी

सांडलेलं मेण ओलं असताना पुसू नका, ते फरशीच्या छिद्रांत जातं. घट्ट होऊ द्या आणि जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने खरवडा. राहिलेला डाग गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने जातो. कपड्यावर पडलं असेल तर वर-खाली साधा, छपाई नसलेला कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा, मेण कागद शोषून घेतो. काचेच्या भांड्यातलं उरलेलं मेण काढायचं तर भांडं दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा. मेण आकसतं आणि सुरीचं टोक लावलं की चकतीसारखं सुटतं. मग भांडं साध्या तापमानावर येऊ द्या, लगेच गरम पाणी घालू नका. खरवडलेलं मेण मोरीत किंवा बेसिनमध्ये टाकू नका, नळी तुंबते. ते एका डब्यात साठवा.

काचेवरची काजळी ओल्या फडक्यावर थोडी राख किंवा खाण्याचा सोडा घेऊन पुसा. काजळी दर वेळी एकाच बाजूला धरत असेल तर वारा त्याच्या समोरच्या बाजूने येतोय. तिकडे एक मोठी कुंडी सरकवा, संध्याकाळी उदबत्ती लावा आणि धूर पुन्हा एकदा बघा.